फुम्बानचा राजवाडा आणि सुलतान इब्राहिम न्जोया

मध्य आफ्रिकेतील कॅमेरून देशाच्या पश्चिम विभागात, डोंगराळ गवताळ पठारावर वसलेल्या फुम्बान शहरातील बामुम राजघराण्याचा वाडा. आज दिसते ती विटांची इमारत बामुमांचा सतरावा राजा इब्राहिम न्जोया (मृत्यू ३० मे १९३३) याने १९१७ ते १९२२ या काळात बांधून घेतली. लिपी घडवणारा, नकाशे काढवून घेणारा, स्वतःच्या राज्याचा इतिहास स्वतः लिहवून घेणारा राजा म्हणून न्जोया प्रसिद्ध आहे. वाडा उभा राहत होता ती वर्षे मात्र त्याची सत्ता ओसरण्याची होती. राजाच्या हातून कारभार निसटत असताना त्याने आजवरची सर्वांत भव्य वास्तू का उभारली, हे समजले तर वाडा समजतो आणि राजाही.

राज्य आणि जुना वाडा

राजदरबाराच्या परंपरेनुसार राज्याचा संस्थापक न्चारे येन हा तिकार या लोकसमूहाच्या राजघराण्यातला. त्यांच्या रिफुम या ठिकाणाहून आपल्या साथीदारांसह तो निघाला, नदी ओलांडून आला आणि इथल्या लहानमोठ्या टोळ्या जिंकून त्याने राज्य स्थापले. परंपरा हे साल १३९४ सांगते. इतिहासकार राज्याचा आरंभ त्याच्या बराच पुढे आणतात. जिंकणाऱ्यांनी आपली भाषा लादली नाही, उलट जिंकलेल्यांची भाषा उचलली. आजची शूपामोम ही भाषा तीच. न्चारेबरोबर आलेल्या सात साथीदारांच्या वंशजांना ‘कोम’ म्हणतात. राजा निवडण्यात त्यांचा शब्द चालतो. राजाला ‘म्फोन’ म्हणत, सुलतान ही पदवी पुष्कळ नंतरची. थोरल्या मुलालाच गादी मिळते असा नियम नव्हता; राजपुत्रांपैकी एकाची निवड होई, आणि वाड्यातल्या कटकारस्थानांचे मूळ बहुधा इथेच असे.

राज्य खऱ्या अर्थाने पसरले ते एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, म्बुएम्बुए याच्या काळात. हा राजा अंगापिंडाने अचाट होता असे लोककथा सांगतात. उत्तरेकडून फुलानी या मुस्लिम लोकांच्या घोडेस्वारांच्या धाडी सुरू झाल्या तेव्हा त्याने राजधानीभोवती खंदक खणला आणि तट घातला. एकाच वेळी दोन आघाड्यांवर लढून तो जिंकला, त्याची खूण म्हणून दोन तोंडांचा साप हे राजचिन्ह झाले. फुम्बानमध्ये हा साप आजही सिंहासनापासून नव्या संग्रहालयाच्या भिंतीपर्यंत सगळीकडे भेटतो.

त्या काळचा वाडा विटांचा नव्हता. राफिया ताडाच्या देठांच्या चौकटी, मातीने लिंपलेल्या भिंती आणि वर उंच गवती छपरे अशी शेकडो घरे, त्यांना जोडणाऱ्या वाटा आणि अंगणे असा तो पसारा होता. राण्या, राजमाता, सेवक, गुप्त मंडळांचे सदस्य, पाहुणे आणि कैदी यांच्या जागा ठरलेल्या असत. कोणत्या दाराने कोणी आत यायचे यालाही नियम होते. गवती छपराच्या वाड्याला आगीचे भय कायमचे. शिवाय दर काही वर्षांनी घरे पुन्हा बांधावी लागत, म्हणजे प्रजेने देठ, गवत आणि श्रम पुन्हा वाड्यावर आणून घालायचे. दुरुस्ती हीच एक प्रकारची खंडणी होती.

न्जोया

न्जोयाचा बाप न्सांगु शेजारच्या न्सो राज्याशी लढताना मारला गेला आणि त्याचे शीर शत्रूच्या ताब्यात गेले. बामुमांमध्ये हा नुसता अपमान नव्हता. पूर्वजाची कवटी हाती नसलेल्या राजाचे राजेपण अपुरेच मानले जाई. न्जोया तेव्हा लहान होता. राज्याची सूत्रे आई न्जाप्न्दुन्के हिने हाती घेतली आणि तो वयात आल्यावरही राजमाता म्हणून तिचा दरारा टिकून राहिला.

न्जोया गादीवर स्थिरावतो न स्थिरावतो तोच वाड्यातला वरिष्ठ अधिकारी ग्बेत्न्कोम न्दोम्बुओ उलटला. १८९० च्या दशकातले हे यादवी युद्ध न्जोयाला एकट्याला जिंकता येईना. त्याने उत्तरेकडच्या बान्यो या गावच्या फुलानी सरदाराची मदत मागितली, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध पणज्यांनी खंदक खणला त्यांचीच. फुलानी घोडदळाने पारडे फिरवले. ही फौज लढाईपूर्वी नमाज पढते हे न्जोयाने पाहिले आणि इस्लामविषयीचे त्याचे कुतूहल तिथून सुरू झाले, असे सांगतात. शक्तिमान परका दिसला की त्याची शक्ती कशात आहे ते शोधायचे आणि जमल्यास ती आपलीशी करायची, ही त्याची रीत पुढे आयुष्यभर दिसते.

लिपीची कथाही याच काळातली. राजाला स्वप्न पडले, त्यात हातावर चित्र काढून ते धुऊन ते पाणी प्यायला सांगितले गेले. जागे झाल्यावर त्याने प्रजेला वस्तूंची चित्रे काढून आणायला सांगितले. स्वप्नाचे काहीही असो, सुमारे १८९६ पासूनचे काम मात्र पक्के आहे. सुरुवातीची चित्रलिपी पाचशेच्या आसपास चिन्हांची होती. न्जोया आणि त्याचे सहकारी ती पुन्हा पुन्हा घासूनपुसून लहान करत गेले आणि १९१० च्या सुमारास ‘अ-का-उ-कू’ ही ८० चिन्हांची लिपी तयार झाली. पहिल्या चार चिन्हांवरून तिला हे नाव मिळाले. चित्रांपासून अक्षरचिन्हांपर्यंतचा जो प्रवास इतरत्र शतकानुशतके चालला, तो इथे एका माणसाच्या हयातीत आणि एका वाड्याच्या आत झाला. लिपीच्या अभ्यासकांना फुम्बानचे आकर्षण वाटते ते यामुळेच. या लिपीत जन्ममृत्यूच्या आणि न्यायनिवाड्याच्या नोंदी झाल्या, औषधांची पुस्तके लिहिली गेली, राज्याचा इतिहास आणि चालीरीतींचा मोठा ग्रंथ तयार झाला. ती शिकवण्यासाठी ४७ शाळा निघाल्याचे सांगितले जाते. तांब्याचे खिळे पाडून छापखाना उभारण्याचा खटाटोपही न्जोयाने केला, पण तो तडीस गेला नाही. दरबाराच्या वापरासाठी त्याने ‘शूमोम’ नावाची एक नवी भाषाही घडवली. तिच्यात मिशनऱ्यांच्या तोंडून ऐकलेले युरोपीय शब्द होते, पण अर्थ मनमानेल तसे बदललेले. पाळत ठेवणाऱ्याच्याच शब्दांत त्याला कळणार नाही असे बोलायचे, यात थोडी चेष्टाही असावी.

१९०२ मध्ये जर्मन आले तेव्हा न्जोया लढला नाही. त्याने त्यांचे स्वागत केले, आणि या निर्णयावरून त्याला आजही नावे ठेवली जातात. हिशेब मात्र उघड होता. १९०६ मध्ये जर्मन कप्तान ग्लाउनिंगने न्सोवर मोहीम काढली तेव्हा न्जोयाने सैन्य दिले आणि बदल्यात बापाचे शीर परत मिळवले. त्याच वर्षी बाझेल मिशन या प्रोटेस्टंट संस्थेचे मिशनरी फुम्बानला आले, शाळा निघाली, राजपुत्र तिथे शिकू लागले. राजाने स्वतः बाप्तिस्मा काही घेतला नाही; शेकडो राण्या सोडणे त्याला परवडणारे नव्हते आणि पटणारेही नव्हते.

न्सांगुसाठी केलेले ‘मांदु येनु’ हे सिंहासन याच मैत्रीपायी हातचे गेले. निळ्या मण्यांनी आणि कवड्यांनी मढवलेल्या या सिंहासनाच्या पाठीशी दोन मानवाकृती उभ्या आहेत आणि पाय ठेवायच्या पाटावर बंदूकधारी कोरलेले आहेत. बर्लिनच्या संग्रहालयाचा त्यावर डोळा होता. कैसर दुसरा विल्हेल्म याला नजराणा देण्याची गळ न्जोयाला घालण्यात आली. प्रतिकृती करून द्यायची असे ठरले, पण ती वेळेत पुरी होईना, म्हणून १९०८ मध्ये मूळ सिंहासनच गेले. आज ते बर्लिनमध्ये आहे आणि फुम्बानच्या वाड्यात नंतर बनवलेले त्याच धर्तीचे दुसरे. भेट म्हणून दिलेली वस्तू परत मागता येते का, हा वाद त्यावरून चालू आहे. ज्याच्या देशावर तुमचे सैन्य बसले आहे त्याने दिलेल्या ‘भेटी’ला कितपत भेट म्हणायचे, असे दुसरी बाजू विचारते आणि ते अयोग्य म्हणता येत नाही.

विटांचा वाडा

नजराणा घेऊन न्जोया किनाऱ्याजवळच्या बुएआ या जर्मन राजधानीत गेला. कॅमेरून पर्वताच्या उतारावरचा गव्हर्नरचा बंगला त्याने तिथे पाहिला. फुम्बानच्या नव्या वाड्यामागे या बंगल्याची प्रेरणा होती असे साधारणपणे मानतात. पण बांधकाम सुरू होईपर्यंत जर्मन देशातून गेलेले होते. १९१५ च्या अखेरीस ब्रिटिश फौजा फुम्बानला पोहोचल्या आणि पुढच्या वर्षी मुलूख फ्रेंचांकडे आला. मिशनरीही निघून गेले. याच मोकळ्या सापडलेल्या वर्षांत न्जोयाने इस्लाम, ख्रिस्ती धर्म आणि बामुम परंपरा यांतून निवडून एक स्वतःचा धर्मपंथ मांडला, पुढे इस्लामकडे कायमचा वळला, सुलतान म्हणवून घेऊ लागला आणि वाडाही बांधायला काढला.

बांधकामाची जबाबदारी न्जी मामा याच्याकडे होती. ‘न्जी’ ही सरदारांची पदवी. लिपी सुधारणे, राज्याची मोजणी करून नकाशा काढणे यांतही तो राजाचा उजवा हात होता. म्हणजे वाड्याचा आराखडा याच वाड्यातल्या लेखन-आलेखनाच्या शाळेतून आला. तो कोणा युरोपीय स्थापत्यविशारदाने काढून दिला नव्हता. विटा स्थानिक मातीच्या, तिथेच भाजलेल्या. तीन मजले, कमानदार दारे-खिडक्या, पुढच्या बाजूने खोल सज्जे आणि त्यांना लाकडी खांब, आत खांबांचे मोठे दरबार दालन. युरोपीय बंगल्याची धाटणी ओळखू येते, कमानींत उत्तरेकडच्या मुस्लिम मुलखाची आठवण आहे, आणि लाकडावरचे कोरीव काम थेट जुन्या बामुम वाड्यातले. पर्यटकांसाठीच्या पुस्तिका याला ‘मिश्र शैली’ म्हणून सोडून देतात. निवड मात्र विचारपूर्वक दिसते. गव्हर्नर ज्या प्रकारच्या घरात राहून हुकूम सोडतो तसे घर राजालाही बांधता येते, आणि ते त्याच्यावाचून बांधता येते, हे फ्रेंच अधिकाऱ्यांना रोज दिसावे अशीच ही इमारत आहे. जुन्या वाड्यासारखी ती दर काही वर्षांनी नव्याने बांधावी लागणार नव्हती. प्रजेचे श्रम आटले तरी भिंती उभ्या राहणार होत्या.

पदच्युती आणि नंतर

फ्रेंचांना शेजारी दुसरे सरकार नको होते. शाळा बंद पडल्या, खंडणी गोळा करण्याचा राजाचा हक्क गेला, आणि १९२४ मध्ये राज्याचे १७ तुकडे करून प्रत्येकावर वेगळा प्रमुख नेमला गेला. राजाचा ख्रिस्ती झालेला प्रतिस्पर्धी मोझे येयाप फ्रेंचांचा दुभाषी होता. त्याने फुम्बानमध्ये बामुम कलांचे संग्रहालय आणि कारागिरांची वस्ती उभी केली. न्जोयाही याच सुमारास वाड्यात राजवस्तूंचा संग्रह मांडत होता. दोन वैऱ्यांनी एकाच गावात संग्रहालये काढल्याने बऱ्याच वस्तू मात्र गावातच टिकल्या. १९३१ मध्ये न्जोयाची रवानगी याउंडे या राजधानीला झाली. दोन वर्षांनी तो तिथेच वारला. त्याचा देह फुम्बानला आणून पुरण्यात आला.

मुलगा सेइदू न्जिमोलुह गादीवर आला आणि १९९२ पर्यंत, जवळजवळ साठ वर्षे, राहिला. जुलै १९६१ मध्ये फ्रेंच आणि ब्रिटिश कॅमेरूनच्या एकीकरणाची घटनात्मक बोलणी फुम्बानलाच झाली. १९८० च्या दशकात युनेस्कोच्या मदतीने वाड्याची डागडुजी झाली. न्जिमोलुहचा मुलगा इब्राहिम म्बोम्बो न्जोया हे देशाचे मंत्री आणि पुढे सिनेटरही होते. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर नाबिल म्बोम्बो न्जोया सुलतान झाले. कायद्याच्या दृष्टीने पारंपरिक प्रमुख १९७७ च्या हुकुमान्वये प्रशासनाचे साहाय्यक ठरतात. लोकांच्या लेखी त्यांचे वजन यापेक्षा पुष्कळ जास्त आहे.

हे वजन कशावर उभे आहे ते न्गुओन उत्सवात कळते. फ्रेंच काळात बंद पडलेला हा उत्सव १९९० च्या दशकात पुन्हा सुरू झाला आणि आता दर दोन वर्षांनी भरतो. त्यात राजाला सिंहासनावरून उतरवून उभे केले जाते, प्रजेचे प्रतिनिधी त्याच्या कारभाराचे दोष सर्वांसमक्ष सांगतात, दंड ठरतो, आणि मगच त्याला पुन्हा बसवले जाते. २०२३ मध्ये युनेस्कोने हा विधी मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतला.

वाड्यातला संग्रह १३ एप्रिल २०२४ रोजी उघडलेल्या बामुम राजांच्या संग्रहालयात हलला. इमारतीचा आकारच दोन तोंडांच्या सापाचा आहे आणि तिच्यावर कौल लावण्याच्या विधीत लागणारा मोठा कोळी बसवला आहे. आत शत्रूंच्या जबड्यांनी सजवलेला ताडीचा भोपळा, राजवेष, आणि न्जोयाच्या नावावर सांगितली जाणारी मका दळायची चक्की पाहायला मिळते. अ-का-उ-कूतले हजारो कागद मात्र वाड्याच्या दप्तरात आणि जुन्या घराण्यांच्या पेट्यांत विखुरलेले होते. गेल्या दोन दशकांत त्यांची छायाचित्रे घेऊन जतन सुरू झाले आहे, आणि २००९ मध्ये लिपीला युनिकोड या संगणकीय अक्षरांच्या जागतिक प्रमाणात जागा मिळाली. ती वाचू शकणारे थोडेच उरले असले तरी फुम्बानमध्ये तिचे वर्ग पुन्हा भरू लागले आहेत.