मुंबईची थंडी ठरते वाऱ्यावर

काश्मीर-हिमाचलात बर्फ पडल्याची बातमी आली की पुढच्या दोन-चार दिवसांत मुंबईतही पारा उतरतो, असं पुष्कळदा घडतं. हा बर्फ आणणाऱ्या, भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या हवामान प्रणाली, म्हणजे पश्चिमी झंझावात, हिवाळ्यात एकामागून एक उत्तर भारतावरून सरकत असतात. झंझावात डोक्यावर असेपर्यंत ढगांमुळे तिथल्या रात्री उलट उबदार राहतात. तो पूर्वेकडे निघून गेला, की मागून उत्तरेची कोरडी, गार हवा राजस्थान-गुजरातवरून खाली उतरते. ती उत्तर कोकणापर्यंत टिकली तर आपल्याला गुलाबी थंडी मिळते. वाटेत वारे पूर्वेचे झाले तर नाही. म्हणून पुढच्या आठवड्याचा अंदाज वाचताना तापमानाच्या आकड्याआधी वाऱ्याची दिशा पाहावी.

जानेवारीतला एक दिवस घ्या. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहत असतात, हवा कोरडी असते, ओठ फुटतात. ऊन चढलं, जमीन तापली, की समुद्रावरून खारे वारे आत येतात. ते अकरा-बाराला आले तर दुपार सुसह्य जाते. पण पूर्वेचे वारे जोरात असले, की ते खाऱ्या वाऱ्यांना दुपार कलेपर्यंत किनाऱ्यावरच थोपवून धरतात आणि तेवढ्या वेळात पारा पस्तिशीला भिडतो. ऐन डिसेंबरात देशातल्या सर्वांत उष्ण ठिकाणांमध्ये सांताक्रूझचं नाव दिसतं, ते याचमुळे. पहाटे स्वेटर आणि दुपारी घामाच्या धारा, हा मुंबईच्या हिवाळ्याचा स्वभावच आहे.

'मुंबईचं तापमान' म्हणजे नेमकं कुठलं, कुलाबा वेधशाळेचं की सांताक्रूझ वेधशाळेचं, हेही पाहायला हवं. कुलाबा तीन बाजूंनी समुद्राने वेढलेला, त्यामुळे तिथलं किमान तापमान सांताक्रूझपेक्षा बहुधा दोन-तीन अंशांनी जास्तच असतं. २२ जानेवारी १९६२ ला सांताक्रूझला ७.४ अंशांची नोंद झाली, मुंबईतली आजवरची सर्वांत कमी. त्याच दिवशी कुलाब्याला ११.७ होतं. आरे किंवा बोरिवलीच्या जंगलाकडेला तर सांताक्रूझपेक्षाही जास्त गारठा जाणवतो. तिथे राहणाऱ्यांनी कुलाब्याचा आकडा पाहून तान्ह्या बाळाचे कपडे ठरवू नयेत.

किनारपट्टीवर थंडीची लाट जाहीर व्हायची तर किमान तापमान १५ अंश किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा निदान ४.५ अंशांनी कमी असावं लागतं. असा योग मुंबईत क्वचितच येतो.

अंदाज किती पुढचा मानायचा? तीन-चार दिवसांचा बिनधास्त. भारतीय हवामान विभाग दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा कलही देतो. त्यात एखाद्या तारखेचा आकडा शोधायचा नसतो, आठवडा सरासरीपेक्षा गार की उबदार एवढंच घ्यायचं असतं, आणि तेवढंही फार उपयोगाचं आहे. मोबाइलवर पंधरा दिवसांनंतरच्या तारखेपुढे लिहिलेल्या '१४ अंशां'वर मात्र मी विसंबणार नाही. ती थंडी आणणारा झंझावात अजून जन्मलेलाही नसतो.

अधूनमधून हिवाळा अनपेक्षित वळणही घेतो. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी चक्रीवादळाने मुंबईत पाऊस आणला. २३ जानेवारी २०२२ ला पाकिस्तानकडून आलेल्या धुळीने शहर झाकोळलं, ऊन अडलं आणि भरदिवसा हुडहुडी भरली.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती वारा पडलेल्या दिवसांची. रात्री जमीन झपाट्याने निवते, जमिनीलगत गार हवा आणि वर उबदार हवेचं झाकण बसतं. वाहनांचा धूर, बांधकामांची धूळ त्याखालीच कोंडून राहते. पहाटे समोरच्या इमारती धुरकट दिसत असतील तर दमेकऱ्यांनी आणि वयस्कर माणसांनी फिरायला जाण्याची घाई करू नये. दुपारनंतर खारे वारे सुटले, हवा हलती झाली, की मग बाहेर पडावं.