उन्हाळ्यात पिकअपच्या टायरमधली हवा कमी करू नका

एप्रिल लागला आणि हापूसच्या पेट्या भरलेल्या पिकअप गाड्या रत्नागिरी-देवगडकडून वाशी मार्केटच्या दिशेने धावू लागल्या, की एक सल्ला दरवर्षी न चुकता कानावर येतो: ‘ऊन वाढलंय, हवा चार-पाच पॉइंट कमीच ठेवा, नाहीतर टायर फुटेल.’ सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो आणि त्यामागचा तर्कही वरवर पटतो, कारण तापलेल्या हवेचा दाब वाढतो हे आपण सगळेच शाळेत शिकलो आहोत. तरीही हा सल्ला चुकीचा आहे आणि भरलेल्या पिकअपच्या मागच्या चाकांसाठी तर तो धोकादायक आहे.

प्रथम हवेचा दाब नेमका किती वाढतो ते पाहू. उदाहरणादाखल असे धरू, की मागच्या टायरमध्ये सकाळी २७ अंश सेल्सिअस तापमानाला ५० पीएसआय (दर चौरस इंचाला ५० पौंड; बोलीत ५० पॉइंट) हवा भरली आहे. गेज, म्हणजे हवा मोजायचे मीटर, वातावरणाच्या दाबावरचा दाब दाखवते, म्हणून खरा दाब काढताना वातावरणाचे १४.७ पीएसआय त्यात मिळवावे लागतात. तो होतो ६४.७. तापमानही केल्विनमध्ये (सेल्सिअसमध्ये २७३ मिळवून) घ्यावे लागते, म्हणजे २७ अंशांचे ३०० केल्विन. धावून धावून आतली हवा ६० अंशांपर्यंत, म्हणजे ३३३ केल्विनपर्यंत तापली, तर दाब त्याच प्रमाणात वाढून सुमारे ७१.८ होईल आणि गेजवर ५७ दिसेल. वाढ फक्त सात पीएसआयची. कंपनीने सांगितलेला दाब थंड टायरसाठीचा असतो आणि धावताना होणारी ही वाढ टायर घडवतानाच गृहीत धरलेली असते. धडधाकट टायर तेवढ्याने फुटत नाही.

मग टायर फुटतो कशाने? बहुतेक वेळा रबराच्या आत साठलेल्या उष्णतेने. ही उष्णता येते कोठून, हा या विषयातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग आहे.

गाडीचा भार मुख्यतः आतली हवा उचलते. टायरच्या भिंतीचा वाटा त्या मानाने थोडा असतो. एका मागच्या चाकावर ७०० किलो भार आहे आणि हवा ५० पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे साडेतीन किलो आहे, तर टायरला रस्त्यावर जवळपास २०० चौरस सेंटिमीटर जागा टेकवावी लागते. हवा ३६ पीएसआयवर आणली, तर तोच भार पेलण्यासाठी सुमारे २८० चौरस सेंटिमीटर जागा लागते. ही जास्तीची जागा टायर अधिक चपटा होऊनच मिळवतो, म्हणजे त्याची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकते. रबर वाकवताना जेवढी ऊर्जा खर्च होते तेवढी ते सरळ होताना परत करत नाही. उरलेली उष्णता होऊन त्याच्यातच राहते. एखादी तार पुन्हा पुन्हा वाकवली की वाकवलेल्या जागी ती बोटांना गरम लागते, तसेच हे. २१५/७५ आर १५ या मापाचा टायर एका किलोमीटरमध्ये सुमारे साडेचारशे फेरे घेतो, म्हणजे ताशी ६० किलोमीटर वेगाने तासाला सत्तावीस हजार वेळा त्याचा प्रत्येक भाग दबतो आणि सुटतो. रबर उष्णतेचे मंद वाहक असल्याने ही उष्णता लवकर बाहेर पडत नाही. टायरच्या खांद्याकडे, म्हणजे नक्षी आणि बाजूची भिंत जुळते त्या कडेला, जेथे रबर सर्वांत जाड असते आणि आतल्या तारांच्या पट्ट्यांच्या कडा संपतात, तेथे ती साचते. रबर आणि तार यांची पकड सैल होते, थर सुटू लागतात आणि एखाद्या दुपारी टायर जातो.

आता यातली सुंदर गोष्ट पाहा. टायर तापला की आतला दाब वाढतो, दाब वाढला की टायर कमी वाकतो आणि कमी वाकला की कमी तापतो. योग्य हवा भरलेला टायर अशा रीतीने स्वतःलाच आवर घालतो आणि काही वेळाने त्याचे तापमान स्थिरावते. मध्येच कशेडी घाटाच्या अलीकडे थांबून, गेजवर ५७ दिसले म्हणून घाबरून हवा सोडली आणि पुन्हा ५० केली, तर हा आवरच आपण काढून टाकतो. टायर आणखी वाकतो, आणखी तापतो. तोच टायर दुसऱ्या दिवशी सकाळी थंड असताना मोजला तर त्यात जेमतेम ४४ पीएसआय भरतील आणि त्याच हवेवर गाडी पुन्हा भरली जाईल.

नायट्रोजन भरला की टायर तापत नाही आणि फुटत नाही, असे सांगून पैसे घेतले जातात. त्यालाही आधार नाही. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो आणि तापल्यावर दाब वाढण्याचा नियम दोन्हींना सारखाच लागू पडतो. नायट्रोजन कोरडा असतो आणि रबरातून किंचित सावकाश झिरपतो, एवढाच त्याचा फायदा. कोरडेपणाला मात्र आपल्या दमट किनाऱ्यावर थोडा अर्थ आहे. काँप्रेसरच्या टाकीत साचलेले पाणी वेळच्या वेळी काढले नाही, तर ते हवेबरोबर टायरमध्ये जाते आणि ६० अंशांना त्याची वाफ दाबात आणखी दोन पीएसआयहून थोडी जास्त भर घालते. टाकीखालचा कॉक उघडून पाणी सोडले की हे टळते. बंपरला बांधलेल्या लिंबू-मिरचीने यातले काहीच टळत नाही, आणि त्या भरवशावर टायर न तपासता घाट उतरणे हा जिवाशी खेळ आहे.

योग्य आकडा शोधायचा तो चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत. टायरच्या भिंतीवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, रोज भरायचा नव्हे. पुढच्या आणि मागच्या चाकांचे आकडे बहुधा वेगळे असतात. रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी वेगळे दिले असतील तर तेही पाळावेत, कारण पिकअपच्या मागच्या चाकांवरचा भार कारच्या मानाने कितीतरी अधिक बदलतो. बांधकामाचे दगडी चिरे खाली करून गाडी रिकामी परतते तेव्हा त्याच चाकावर समजा ३०० किलो भार उरला, तर ५० पीएसआयला टायरची जेमतेम ८६ चौरस सेंटिमीटर जागा रस्त्याला टेकते. मग हौदा उडतो, नक्षी मधोमध झिजते आणि पहिल्या पावसात ओल्या रस्त्यावर मागची चाके घसरू शकतात. पट्टीवर दिलेल्या मर्यादेतच राहून पडताळा घ्यायचा असेल, तर कोरड्या रस्त्यावर टायरच्या नक्षीवर खडूची जाड आडवी रेघ ओढावी आणि गाडी थोडे अंतर सरळ चालवावी. रेघ फक्त मधून पुसली गेली तर त्या भाराला हवा जास्त आहे, फक्त कडांना पुसली गेली तर कमी.

दाब मोजायचा तो गाडी किमान तीन तास उभी राहिल्यावर, ऊन चढण्याआधी. स्टेपनीही त्याच वेळी पाहावी. वाटेत गरम टायर मोजण्याची वेळ आलीच, तर हवा सोडू नये; एकाच आसावरच्या दोन्ही बाजूंचे आकडे ताडून पाहावेत. एक बाजू दुसरीपेक्षा बरीच कमी भरली तर ते उन्हामुळे नव्हे. भार एका बाजूला झुकलेला नसेल तर पंक्चर शोधावे आणि व्हॉल्व्हला थुंकी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे. टोपी नसलेला व्हॉल्व्ह खाऱ्या हवेत आणि धुळीत लवकर खराब होतो.