अर्धस्वयंचलित पिस्तूल : टिकाऊपणा व विश्वासार्हता

चाप ओढला की एकच गोळी सुटते आणि पुढचे काडतूस आपोआप भरले जाते, अशा पिस्तुलाची पारख करण्याचे दोन निकष. न अडकता किती गोळ्या झाडता येतात यावरून विश्वासार्हता, तर मुख्य भाग निकामी होईपर्यंत किती झाडता येतात यावरून टिकाऊपणा ठरवतात.

गोळी सुटताच स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे जाते. एक्स्ट्रॅक्टरचा आकडा रिकाम्या पुंगळीची कड धरून तिला ओढतो, ती इजेक्टरवर (पुंगळी बाहेर उडवणाऱ्या खुंटीवर) आपटून बाहेर फेकली जाते आणि स्प्रिंगच्या जोराने परतणारी स्लाइड मॅगझिनमधील (काडतुसांच्या पेटीतील) वरचे काडतूस बॅरलमध्ये (नळीत) ढकलते. बहुतेक अडथळे याच फेऱ्यात येतात. मॅगझिनचे ओठ (काडतुसे अडवून धरणाऱ्या वरच्या कडा) फाकले, तर काडतूस वेळेआधीच वर उसळते. पकड सैल असेल, तर स्लाइड पुरती मागे जात नाही आणि पुंगळी बाहेर पडण्याच्या खिडकीत उभी अडकते. दोष पिस्तुलाला दिला जातो. तो पुष्कळदा मॅगझिनचा, काडतुसाचा किंवा हाताचा असतो.

विश्वासार्हतेसाठी मार्च १९११ मधील अमेरिकी सैन्याच्या पिस्तूल-चाचणीचा दाखला हटकून दिला जातो. प्रचलित वृत्तांतानुसार शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंग यांनी रचलेल्या कोल्ट पिस्तुलातून सुमारे ६,००० गोळ्या एकदाही न अडकता सुटल्या. प्रतिस्पर्धी सॅव्हेज मात्र अनेकदा अडकले. चाचणीदरम्यान ठरावीक टप्प्यांवर सफाई व तेलपाणी होत असे, हे सहसा सांगितले जात नाही.

टिकाऊपणाचा सर्वाधिक गाजलेला वाद बेरेटा ९२ चा. अमेरिकी सैन्याने १९८५ मध्ये ते एम-९ या नावाने स्वीकारले. १९८७-८८ च्या सुमारास काही पिस्तुलांच्या स्लाइड तुटल्या. मागचा तुकडा उडून नेमबाज जखमीही झाले. एका मतानुसार दोष पोलादाचा होता : यंत्रकाम सुलभ व्हावे म्हणून मिसळलेल्या टेल्युरियममुळे धातूची चिवटता घटली. दुसऱ्या मतानुसार काडतुसांचा दाब मर्यादेबाहेर होता. धातू कमी चिवट असेल तरच जादा दाब इतक्या लवकर भोवतो, हे पाहता दोन्ही कारणे एकत्र धरणे अधिक सयुक्तिक वाटते. पुढे ९२ एफएस प्रकारात घोड्याच्या (गोळी उडवण्यासाठी आघात करणाऱ्या भागाच्या) खिळीचे डोके मोठे करून ते स्लाइडच्या खाचेत बसवले गेले. याने स्लाइड तुटायची थांबत नाही; तुटलेला भाग मागे उडत नाही, इतकेच. या पिस्तुलातील वाल्थर पी-३८ या जर्मन पिस्तुलाच्या धर्तीचा कुलूप-ठोकळाही (गोळी सुटताना बॅरल व स्लाइड जखडून ठेवणारा तुकडा) झिजणारा, म्हणून बदलण्याजोगा भाग मानला जातो. इराकमधील धुळीत एम-९ अडकू लागले, तेव्हा मात्र बोट मॅगझिनच्या आतल्या खरखरीत फॉस्फेट लेपाकडे दाखवले गेले.

पॉलिमरची (प्लास्टिकची) चौकट, म्हणजे मुठीसह पिस्तुलाचा खालचा सांगाडा, ग्लॉक पिस्तुलापासून (१९८० चे दशक) सुरू झाली असे सर्रास लिहिले जाते. हेक्लर उंड कॉख या जर्मन कंपनीचे पॉलिमर चौकटीचे व्हीपी-७० त्याआधीचे. चौकट पॉलिमरची असली, तरी स्लाइड ज्यांवर सरकते त्या पट्ट्या ग्लॉकमध्ये पोलादाच्याच असतात.

स्लाइडची स्प्रिंग ही वापरात खर्ची पडणारी वस्तू समजतात. ती थकली की स्लाइड चौकटीवर जोरात आदळते आणि झीज वाढते. बदलण्याचा मुदतआकडा उत्पादक व काडतूस यांनुसार बदलतो.