वर्षाची फी आणि डिग्रीची किंमत

मार्च संपेपर्यंत अमेरिकेतल्या बहुतेक कॉलेजांची उत्तरं आलेली असतात आणि १ मेपर्यंत त्यातल्या एकाला होकार कळवायचा असतो. मधला महिनाभर जेवणाच्या टेबलावर दोन पत्रं पडून राहतात. एक राज्याच्या मोठ्या विद्यापीठाचं, दुसरं लहानशा खाजगी कॉलेजचं. लेकीला काय शिकायचंय विचारावं तर सोमवारी बायॉलॉजी, गुरुवारी इकॉनॉमिक्स आणि रविवारी "आई, प्लीज, आत्ता नको". मग घरातली मोठी माणसं त्यांना जे कळतं त्याकडे वळतात. वर्षाला कुठे किती पैसे पडतील? स्वस्त पडेल तिथे जाऊ दे.

गल्लत होते ती इथेच. वर्षाचा खर्च आणि डिग्रीचा खर्च हे दोन वेगळे आकडे आहेत. ज्याचा मेजर, म्हणजे डिग्रीचा मुख्य विषय, पक्का आहे त्याने वर्षाचा आकडा चारने गुणला की भागतं. ज्याचा ठरलेला नाही त्याला कितीने गुणायचं हेच माहीत नसतं.

आधी वर्षाचा आकडा तरी नीट काढू. वेबसाइटवर छापलेली फी बाजूला ठेवा. खाजगी कॉलेजांत ती पूर्ण भरणारे थोडेच. ट्यूशन, राहणं, जेवण, पुस्तकं सगळं धरून जो एकूण खर्च होतो, त्यातून ग्रँट (परत न करायची मदत) आणि स्कॉलरशिप वजा करा. फक्त या दोनच गोष्टी. कॉलेजं मात्र पत्रात कर्जही 'एड'च्याच, म्हणजे मदतीच्याच, यादीत बसवतात. कॅम्पसवर काम करून मिळू शकणारे पैसेही तिथेच असतात, ते अजून कमवायचे असले तरी. पहिल्या वर्षाला सरकारी कर्ज जास्तीत जास्त ५,५०० डॉलर मिळतं. त्यातल्या ३,५०० पर्यंतच्या रकमेचं शिकत असतानाचं व्याज सरकार भरू शकतं, बाकीच्यावर पहिल्या दिवसापासून मीटर चालू. पत्रात कर्जाची ही ओळ ग्रँटच्या खालीच असते, तशाच अक्षरात. तिच्यावर आडवी रेघ मारा आणि मगच दोन कॉलेजं शेजारी ठेवा.

आता डिग्रीचा आकडा. प्रत्येक कोर्स पूर्ण केला की ठरावीक क्रेडिट जमा होतात. डिग्रीला साधारण १२० क्रेडिट लागतात, म्हणजे आठ सेमिस्टर दर वेळी १५. पण सरकारी मदतीच्या हिशेबात १२ क्रेडिट घेणाराही पूर्णवेळ विद्यार्थीच असतो. त्यामुळे कोणी टोकत नाही. आठ सेमिस्टर बाराच घेत गेलं तर होतात ९६, आणि वर्षभराचा अभ्यास मागे उरतो. ज्याचा विषय ठरलेला नाही त्याचं हे बरेचदा होतं, कारण काय घ्यावं हेच कळत नसल्याने तो कमी घेतो. किंवा पुरेसे घेतो, पण मेजर बदलल्यावर त्यातले बरेचसे 'इलेक्टिव्ह'च्या, म्हणजे ऐच्छिक विषयांच्या, खात्यात जमा होतात. क्रेडिट मिळालेले असतात, उपयोग शून्य. मेजर बदलणं ही काही भानगड नव्हे. अमेरिकी शिक्षण खात्याच्या २०१७ च्या एका अहवालात बॅचलर डिग्री करणाऱ्या, मेजर घोषित केलेल्या विद्यार्थ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांनी तीन वर्षांत तो निदान एकदा बदललेला दिसतो.

बदल महाग पडतो की स्वस्त, हे त्या कॉलेजच्या आतल्या दरवाजांवर ठरतं. 'अनडिक्लेअर्ड' (मेजर न ठरवता आलेला) हा शब्द दोन्ही पत्रांत असतो, अर्थ मात्र एक नसतो. सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्सच्या बहुतेक जागा पहिल्या प्रवेशाच्या वेळीच थेट भरतात. आत आल्यावर तिकडे वळणं फार अवघड. अनेक मोठ्या विद्यापीठांत इंजिनीअरिंग, नर्सिंग, बिझनेसची हीच तऱ्हा. तिथे अनडिक्लेअर्ड म्हणजे आवारात आहात, पण काही इमारतींना कुलूप. याउलट एमआयटीत पहिल्या वर्षाला सगळेच मेजरशिवाय असतात. ब्राऊन विद्यापीठात १९६९ पासून मुक्त अभ्यासक्रम आहे आणि दुसऱ्या वर्षाअखेर विषय सांगितला तरी चालतो. तिथे अनडिक्लेअर्ड म्हणजे खरंच अजून ठरवायचंय, एवढंच.

आता कागद-पेन्सिल घेऊ. आकडे काल्पनिक आहेत, दरवर्षीची फीवाढही सोडून दिली आहे. राज्याच्या विद्यापीठाचा खर्च ३४,०००, गुणांवरची स्कॉलरशिप १४,०००, म्हणजे वर्षाला २०,०००. खाजगीचा खर्च ६२,०००, ग्रँट ३६,०००, म्हणजे वर्षाला २६,०००. चार वर्षांचे ८०,००० विरुद्ध १,०४,०००. राज्याचं विद्यापीठ सरळ जिंकलं. पण तिथे पाचवं वर्ष लागलं तर? गुणांवरच्या स्कॉलरशिप बहुधा आठ सेमिस्टरपुरत्या असतात, म्हणून त्या वर्षाचे पूर्ण ३४,००० भरायचे. बेरीज १,१४,०००. सरकारी कर्जही तोवर आटलेलं असतं. आईवडिलांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला चार वर्षांत २७,००० पर्यंत मिळतात आणि एकूण मर्यादा ३१,००० ची आहे, म्हणजे पाचव्या वर्षाला उरले ४,०००. शिवाय वर्षभराचा पगार बुडाला तो वेगळाच.

याचा अर्थ खाजगी कॉलेज घ्या असा मुळीच नाही. लेक बायॉलॉजी, इकॉनॉमिक्स, इतिहास अशा उघड्या दारांच्या विषयांमध्येच घुटमळत असेल आणि दर सेमिस्टरला १५ क्रेडिट घेण्याइतकी शिस्तीची असेल, तर मी राज्याच्या विद्यापीठात पाठवीन आणि वाचलेल्या २४,००० च्या समाधानात शांत झोपेन. शिवाय खाजगी कॉलेजची ग्रँट उत्पन्नावर बेतलेली असेल तर ती दरवर्षी नव्याने तपासली जाते. बाबांना बढती मिळाली की घरात पेढे आणि पुढच्या वर्षी ग्रँटला कात्री. पण तिच्या यादीत इंजिनीअरिंग किंवा नर्सिंग असेल, अगदी "कदाचित" म्हणूनसुद्धा, तर हिशेब उलटतो. त्या विषयांची साखळी पहिल्या सेमिस्टरपासून सुरू होते. कॅल्क्युलस नाही तर फिजिक्स नाही, फिजिक्स नाही तर पुढचं काहीच नाही. काही विद्यापीठांत तर इंजिनीअरिंगची ट्यूशनही इतर विषयांपेक्षा जास्त असते, म्हणजे विषय ठरल्यावर वर्षाचा आकडासुद्धा सरकतो.

कॉलेजला फोन कराल तेव्हा 'ग्रॅज्युएशन रेट' तोंडावर फेकला जाईल, ८२ टक्के वगैरे. किती वर्षांत, हे विचारा. चार वर्षांच्या डिग्रीचा सरकारी नियमाने जाहीर होणारा हा दर सहा वर्षांतला असतो. तुम्हाला हवा आहे चार वर्षांतला, आणि तो सरकारच्या 'कॉलेज नॅव्हिगेटर' या साइटवर वेगळा दिसतो. दुसरा प्रश्न ॲडमिशन ऑफिसला विचारू नका, त्यांचं काम गोड बोलणं आहे. ज्या विभागात लेक जाऊ शकेल त्या विभागाच्या सल्लागाराला ईमेल करा: अनडिक्लेअर्ड आलेल्यांपैकी गेल्या वर्षी किती जणांनी इथे अर्ज केला, किती जणांना घेतलं, किती जीपीए (ग्रेडची सरासरी) लागला. आकडे आले तर ठीक. "प्रत्येकाची परिस्थिती वेगळी असते" असं उत्तर आलं, तर त्या कॉलेजचा हिशेब पाच वर्षं धरून पुन्हा मांडा, पाचव्या वर्षाला स्कॉलरशिप न धरता.