डायनॅमो, मोटारसायकलीचा : दोषनिदान

बॅटरी भारित ठेवण्यासाठी एंजिनाने फिरवले जाणारे एकदिश विद्युत् जनित्र म्हणजे डायनॅमो. ल्यूकस कंपनीच्या ई३ मालिकेतील ६ व्होल्टी डायनॅमो दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे अनेक ब्रिटिश मोटारसायकलींवर असत. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून तयार झालेल्या जावा गाड्यांतही ६ व्होल्टी डायनॅमोच होता. मात्र त्याचे आर्मेचर (गुंडाळ्यांचा फिरणारा भाग) स्वतंत्र नळकांड्यात नसून थेट क्रँकच्या (एंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) टोकावर बसवलेले असे.

हा डायनॅमो स्वयं-उत्तेजित असतो, म्हणजे क्षेत्र गुंडाळीला (ध्रुवांना चुंबकत्व देणाऱ्या स्थिर गुंडाळीला) लागणारा प्रवाह तो स्वतःच निर्माण करतो. या तत्त्वाचे श्रेय कोणाचे याविषयी मतभेद आहेत. व्हर्नर सीमेन्सचा निबंध १७ जानेवारी १८६७ रोजी बर्लिनच्या अकादमीत वाचला गेला. त्याच वर्षी १४ फेब्रुवारीला सीमेन्स व चार्ल्स व्हीटस्टन या दोघांची निवेदने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आली. तर सॅम्युएल व्हार्लीने डिसेंबर १८६६ मध्येच पेटंटसाठी अर्ज केला होता. हंगेरीच्या आन्योश येडलिकचे यंत्र बहुधा १८६१ च्या सुमाराचे असून डॅनिश संशोधक सोरेन यॉर्टची पेटंटे त्याहूनही आधीची, १८५० च्या दशकातील आहेत. येडलिकने आपले काम त्या वेळी प्रसिद्ध न केल्यामुळे पुढील घडणीवर त्याचा प्रभाव दिसत नाही. १८६६-६७ मध्ये अनेकांना हे तत्त्व स्वतंत्रपणे सुचले असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. यॉर्टच्या यंत्रात सुरुवातीसाठी कायम चुंबक होते. मोटारसायकलीच्या डायनॅमोत ते नसतात. ध्रुवांच्या लोखंडात उरलेल्या अवशिष्ट चुंबकत्वावरच पहिला व्होल्ट उभा राहतो, आणि वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीचा डायनॅमो सर्व भाग शाबूत असूनही कधीकधी ‘मेलेला’ वाटतो, त्याचे कारण हेच.

निदानाची सुरुवात बॅटरीपासून करतात, कारण बसलेल्या बॅटरीचा दोष पुष्कळदा डायनॅमोच्या माथी मारला जातो. पूर्ण भारित ६ व्होल्टी बॅटरी विश्रांतीत ६.३ व्होल्टांच्या वर असते. त्यानंतर ल्यूकस पद्धतीत डायनॅमोच्या डी (मुख्य प्रवाहाचे) आणि एफ (क्षेत्र गुंडाळीचे) या अग्रांवरील वायरी काढून दोन्ही अग्रे तारेच्या तुकड्याने जोडतात, ती जोडणी व गाडीचा सांगाडा यांमध्ये व्होल्टमीटर लावतात आणि एंजिनाची गती हळूहळू वाढवतात. काटा न थरथरता भराभर चढला तर डायनॅमो निर्दोष असून दोष रेग्युलेटर (दाब आवाक्यात ठेवणारा भाग), कट-आउट (दाब कमी असताना डायनॅमोला बॅटरीपासून तोडणारी कळ) किंवा वायरिंगमध्ये शोधावा. १० व्होल्टांच्या पुढे मात्र दाब जाऊ देऊ नये. काटा हललाच नाही तर ब्रश (फिरत्या आर्मेचरवर टेकून प्रवाह बाहेर घेणारे कार्बनचे तुकडे) पाहावेत. सुमारे अर्धा व्होल्ट दिसल्यास क्षेत्र गुंडाळीबद्दल आणि अपेक्षित दाबाच्या निम्म्यावर तो अडकल्यास आर्मेचरबद्दल संशय घ्यावा.

कॉम्युटेटर (आर्मेचरच्या टोकाचे तांब्याच्या पट्ट्यांचे कडे, ज्यावर ब्रश टेकतात) पाहूनही बरेच कळते. गुळगुळीत, चॉकलेटी झाक असलेला तांब्याचा पृष्ठभाग चांगला. एखादीच पट्टी काळी पडून कडेला खाल्ली गेली असेल तर तिला जोडलेली गुंडाळी तुटलेली असते, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला कथलाचे बारीक शिंतोडे दिसले तर आर्मेचर अतितप्त होऊन सांधे वितळल्याचे निश्चित समजावे. पट्ट्यांमधील अभ्रक सुमारे ०.८ मिमी. खाली कोरलेले असावे लागते, अन्यथा ब्रश उचलला जातो. गुंडाळी तुटलेले किंवा सांधे वितळलेले आर्मेचर फेकून न देता नव्याने बांधून घेण्याची पद्धत आहे.

पट्टा किंवा साखळी सोडवून, डी आणि एफ एकत्र जोडून बॅटरी लावली असता सुटा डायनॅमो मोटारीसारखा फिरतो, ही ल्यूकसची सोपी चाचणी जावाला लागू पडत नाही, कारण आर्मेचर क्रँकपासून वेगळे फिरत नाही. तेथे चार्जिंग दाखवणारा लाल दिवा हाच पहिला साक्षीदार असतो. किल्ली फिरवल्यावर तो लागलाच नाही तर दिवा उडालेला असतो किंवा ब्रश टेकत नसतात. एंजिनाची गती वाढवूनही तो विझला नाही तर चार्जिंग होत नाही. क्रँकचे बेअरिंग झिजले की आर्मेचर ध्रुवांना घासते, त्यामुळे जावाच्या विद्युत् दोषाचे मूळ यांत्रिक असू शकते; घासल्याच्या चकचकीत खुणा ध्रुवांवर एकाच बाजूला दिसतात.

गेलेले चुंबकत्व परत आणण्यासाठी ल्यूकस डायनॅमोच्या वायरी काढून, बॅटरीच्या सांगाड्याला न जोडलेल्या अग्रापासून घेतलेली तार एफला क्षणभर टेकवतात. पुष्कळ ब्रिटिश गाड्यांत धन अग्र सांगाड्याला असते. बॅटरी उलटी बसवलेल्या गाडीत ही क्रिया केल्यास डायनॅमोची ध्रुवता बदलते.

अल्टरनेटर (प्रत्यावर्ती विद्युत् जनित्र) असलेल्या नंतरच्या गाड्यांत कायम चुंबकांचा रोटर (फिरता भाग) असल्याने ही क्रिया लागत नाही. तेथे स्टेटरच्या (स्थिर गुंडाळ्यांच्या) वायरी सांगाड्याला टेकल्या आहेत का, हे ओहममीटरने पाहून मग रेक्टिफायर (प्रत्यावर्ती प्रवाह एकदिश करणारा भाग) तपासतात.