स्थूलतेवरील शस्त्रक्रियेनंतर पुन्हा होणारी वजनवाढ

जठराचा आकार कमी करून किंवा अन्नाचा मार्ग बदलून वजन उतरवल्यानंतर, उतरलेल्या वजनाचा काही भाग पुढील वर्षांत परत येणे म्हणजे शस्त्रक्रियोत्तर वजनवाढ होय. ‘स्लीव्ह’ या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून केळ्याच्या आकाराची नळी शिल्लक ठेवतात. ‘बायपास’मध्ये जठराच्या वरच्या टोकाला सुमारे ३० मिलिलिटरची पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. दोन्हींनंतर वजन साधारणपणे एक ते दोन वर्षे उतरत राहते, नीचांक गाठते, काही काळ स्थिरावते आणि मग बहुतेकांमध्ये थोडेफार चढते. ही थोडीफार वाढ अपेक्षितच असते आणि ती रुग्णाला शस्त्रक्रियेपूर्वी स्पष्टपणे सांगितली गेली पाहिजे. तसे झाले नाही तर तीन-चार किलो वाढताच ‘ऑपरेशन वाया गेले’ असा समज घरात पसरतो.

वाढ नुसत्या किलोत मोजणे फसवे असते. उतरलेल्या एकूण वजनापैकी किती परत आले, हे पाहणे अधिक योग्य. ११८ किलोवरून ७६ किलोवर आलेल्या व्यक्तीचे ४२ किलो उतरले; तिचे वजन आज ८४ असेल, तर त्यातले ८ किलो, म्हणजे सुमारे १९ टक्के परत आले आणि ३४ किलो अजूनही उतरलेलेच आहेत. मात्र त्याच ८ किलोंबरोबर मधुमेह किंवा रक्तदाब पुन्हा वर येऊ लागला असेल, तर आकडा लहान असूनही उपचार लांबवू नयेत. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या, लार्स श्योस्त्रोम यांच्या नेतृत्वाखालील दीर्घ अभ्यासात बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरले होते; दहा वर्षांनंतर ती घट २५ टक्के होती. शस्त्रक्रिया न केलेल्या गटाचे वजन या काळात जवळपास होते तिथेच राहिले, आणि दीर्घकालीन मृत्यूचे प्रमाण शस्त्रक्रिया झालेल्या गटात कमी आढळले. म्हणजे काही वजन परतूनही शस्त्रक्रियेचा लाभ टिकलेला होता.

वजन परतते यामागे शरीराची स्वतःची यंत्रणा आहे. १९९९ मध्ये जपानी संशोधकांनी शोधलेले घ्रेलिन हे भूक चाळवणारे संप्रेरक प्रामुख्याने जठराच्या वरच्या, घुमटासारख्या भागात तयार होते. स्लीव्हमध्ये तोच भाग काढला जात असल्याने पहिल्या वर्षात अनेकांना जेवणाची आठवणही करून द्यावी लागते. पुढे भूक हळूहळू परतते, जठराची नळी काहीशी सैलावते, आणि वजन घटलेले शरीर पूर्वीपेक्षा कमी ऊर्जा खर्चू लागते. उतरलेल्या वजनात स्नायूही गेले असतील तर हा खर्च आणखी घटतो. मधुमेहावरील इन्सुलिन व ग्लिमेपिराइड, स्टेरॉइड, मानसिक आजारांवरील ओलान्झापिन व मिर्टाझापिन अशी काही औषधेही वजन वाढवतात. ती स्वतःहून बंद करायची नसतात, पर्याय आहे का हे डॉक्टरांना विचारायचे असते.

आहारातला बदल बहुधा नकळत होतो. ज्वारीची भाकरी आणि मटकीची उसळ नीट चावून खायला वीस मिनिटे लागतात आणि चार घासांत पोट भरते. घाई केली तर घास छातीत अडकल्यासारखा होतो, कधी उलटी होते. चहात बुडवलेले बिस्किट मात्र तोंडातच विरघळते आणि लहान पोटातून सहज खाली सरकते. त्यामुळे त्रास देणारे घट्ट अन्न मागे पडते आणि त्याची जागा बिस्किटे, आइस्क्रीम, उसाचा रस, येता-जाता मूठभर चिवडा किंवा शेव घेतात. जेवण खरोखरच दोन वाट्यांचे असते, म्हणून ‘मी काहीच खात नाही’ हे रुग्णाचे म्हणणे प्रामाणिक असते; चार ते सातच्या दरम्यान काय काय तोंडात टाकले, हे आहारतज्ज्ञाने आपलेपणाने विचारल्यावरच ते लक्षात येते. उपवासाची साबुदाणा खिचडीही याच वर्गातली, मऊ आणि पिष्टमय.

प्रथिने रोज साधारण ६० ते ८० ग्रॅम मिळावीत असे सांगितले जाते. शाकाहारी घरात हे अवघड जाते, कारण वाटीभर वरणात जेमतेम पाच-सहा ग्रॅम प्रथिने असतात. १०० ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८ आणि एका अंड्यात सहा. म्हणून ताटातले पनीर, अंडे, मासे किंवा घट्ट उसळ आधी संपवावी आणि भात-पोळी मागून घ्यावी, जेवताना पाणी पिऊ नये व नंतर अर्धा तास थांबावे. स्नायू टिकवण्यासाठी चालण्याच्या जोडीला वजन उचलण्याचे व्यायामही लागतात. बायपासनंतर काहींना गोड खाल्ल्यावर एक ते तीन तासांनी साखर उतरून घाम व थरथर सुटते, ती थांबवण्यासाठी पुन्हा गोड खाल्ले जाते आणि हे चक्र वजन वाढवत राहते. मद्यही बायपासनंतर वेगाने भिनते आणि त्याचे व्यसन जडण्याचा धोका वाढतो, म्हणून त्याविषयी आडपडदा न ठेवता विचारावे लागते.

या सगळ्यांत अधिक नुकसान लाजेमुळे होते, असे म्हणावे लागेल. ‘पोट कापून घेतले तरी जिभेवर ताबा नाही’ हे शब्द ज्याने घरात ऐकले आहेत, तो वजनकाट्यावर उभे राहायला दवाखान्यात जात नाही. तपासण्या चुकतात, ब-१२, लोह व ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या सुटतात, आणि पाच किलोंवर सोपा असलेला प्रश्न वीस किलोंवर अवघड होतो. स्थूलता हा मधुमेहासारखा दीर्घकालीन आजार आहे. साखर वाढलेल्या रुग्णाला कोणी नापास म्हणत नाही. भावनांच्या भरात किंवा ताबा सुटून खाणे होत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाची मदत हा उपचाराचाच भाग मानला जातो.

तपासणीत रक्तचाचण्यांबरोबर गरजेनुसार दुर्बिणीने जठर पाहतात किंवा बेरियम पाजून क्ष-किरण चित्रे घेतात. जठर व आतड्यातील जोड रुंदावला आहे का, बायपासमध्ये पिशवीपासून वेगळ्या केलेल्या उरलेल्या जठराकडे पुन्हा वाट तयार झाली आहे का, हे त्यातून समजते. औषधांचा पर्याय अलीकडे भक्कम झाला आहे. ब्रिटनमधील २०२३ च्या एका चाचणीत, शस्त्रक्रियेनंतर पुरेसे वजन न उतरलेल्यांना २४ आठवडे लिराग्लुटाइड हे भूक कमी करणारे इंजेक्शन दिल्यावर वजन सरासरी ८.८ टक्क्यांनी घटले. औषधविरहित इंजेक्शन घेणाऱ्यांमध्ये ही घट जेमतेम अर्धा टक्का होती. याच प्रकारची टिर्झेपटाइड आणि वजनासाठीच्या मात्रेतील सेमाग्लुटाइड ही इंजेक्शने २०२५ पासून भारतातही मिळू लागली. खर्च मोठा आहे, आणि इंजेक्शन थांबवल्यावर वजन बहुधा परतते.

दुसरी शस्त्रक्रिया, उदाहरणार्थ स्लीव्हचे बायपासमध्ये रूपांतर, किंवा रुंदावलेला जोड तोंडावाटे दुर्बीण घालून टाके घेत आवळणे, हे मार्ग निवडक रुग्णांसाठी असतात. जुन्या चिकटलेल्या ऊतींमुळे दुसऱ्या शस्त्रक्रियेत गुंतागुंतीचा धोका पहिलीपेक्षा अधिक असतो आणि वजनातली घट सहसा कमी असते. त्यामुळे पहिल्या शस्त्रक्रियेची कागदपत्रे, नीचांकाचे वजन आणि आजवरच्या गोळ्यांची यादी समोर ठेवून शल्यविशारद, फिजिशियन व आहारतज्ज्ञ यांनी मिळून तो निर्णय घ्यावा लागतो.