नाव वळते ती मागून

भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणारी लाँच सुटली की सगळे पुढे बघतात. एकदा मागे तोंड करून बसा. लाँच उजवीकडे वळायला लागली की तिची पिछाडी आधी डावीकडे सरकते. मोटारीची पुढची चाकं वळतात आणि मागची त्यांच्यामागून येतात. नावेचं सुकाणू मागे, म्हणून तिचं वळणंही मागूनच सुरू होतं.

सुकाणू म्हणजे पाण्यातली उभी फळी. ती उजवीकडे वळवली की मागे वाहणारं पाणी तिला, आणि तिच्यासोबत पिछाडीला, डावीकडे ढकलतं. नाव तिरकी होते. आता त्या तिरक्या, लांबलचक अंगावर पाणी एका बाजूने दाबतं आणि नावेचा मार्ग वाकतो. जहाज वळतं ते मुख्यतः या दाबामुळे. सुकाणू त्याला तिरकं करून देतं, एवढंच. मला या विषयातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

पण त्यासाठी फळीवरून पाणी वाहायला हवं. थांबलेल्या नावेचं सुकाणू कितीही फिरवा, ती हलणार नाही. म्हणूनच जहाजात ते बहुधा पंख्याच्या मागे बसवतात, पंख्याने फेकलेलं पाणी थेट त्यावर यावं म्हणून. फळी साधारण ३५ अंशांपर्यंतच वळवतात. त्यापुढे प्रवाह फळीला धरून राहत नाही, भोवरे उठतात आणि जोर घटतो. आंतरराष्ट्रीय निकषानुसार जहाजाचं तोंड पूर्ण उलटं होईपर्यंत ते बाजूला स्वतःच्या लांबीच्या पाचपटीहून जास्त सरकता कामा नये. ३०० मीटरच्या जहाजासाठी ही मर्यादा दीड किलोमीटरची झाली!

‘सुकाणू’ हा शब्द अरबी ‘सुक्कान’वरून आलेला. संस्कृतात सुकाणूला ‘कर्ण’ म्हणत. तो धरणारा कर्णधार. क्रिकेटच्या बातम्यांत रोज भेटणारा हा शब्द मुळात दर्यावरचा आहे. इंग्रजीत जहाजाची उजवी बाजू ‘स्टारबोर्ड’, म्हणजे सुकाणूची बाजू. जुन्या युरोपी होड्यांत दिशा देणारं वल्हं उजव्या अंगाला बांधलेलं असे.

लहान होडीत सुकाणूला दांडा असतो. दांडा डावीकडे ढकलला की फळी उजवीकडे जाते आणि होडीही उजवीकडे. जहाजांवर चाक आलं तरी इंग्रजी हुकूम मात्र दांड्याचेच राहिले. १४ एप्रिल १९१२च्या रात्री टायटॅनिकसमोर हिमनग दिसला तेव्हा अधिकारी विल्यम मर्डॉकने ‘हार्ड अ-स्टारबोर्ड’, म्हणजे दांडा पूर्ण उजवीकडे, असा हुकूम दिला. चाकावरच्या रॉबर्ट हिचन्सने तो बरोबर पाळला आणि जहाजाचं तोंड डावीकडे वळलं. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे यात काहीच चूक नव्हती, पण आज ऐकणारा गोंधळतोच. देशोदेशी हुकूम वेगवेगळे असणं धोक्याचं होतं, म्हणून १९२९च्या आंतरराष्ट्रीय करारात ते एकसारखे करायचं ठरलं. ब्रिटनमध्ये १९३३पासून ‘स्टारबोर्ड’ म्हणजे जहाजच उजवीकडे.

आज अधिकारी ‘स्टारबोर्ड टेन’ म्हणतो, तेव्हा चाकावरचा माणूस तेच शब्द मोठ्याने परत म्हणतो, मगच चाक फिरवतो. सुकाणूचा कोन दाखवणारा काटा दहा अंशांवर पोहोचला की तो पुन्हा तसं सांगतो.